हिराजीची फी

आमच्या घरात कॉलेजच्या संपाची गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की आता माझी सून ती माझ्याआधीच पुरी करते. फीवाढ झाली, मुलं गेटवर बसली, संस्थेला नमतं घ्यावं लागलं आणि म्हणून सासरे इंजिनिअर झाले. गोष्टीत हिराजी नावाचा एक गाणारा मुलगा येतो, सगळे हसतात आणि गोष्ट संपते. हिराजीचं पुढे काय झालं असं एकदा नातीने विचारलं, तेव्हा मी तिला पाणी आणायला पाठवलं. ती पाणी घेऊन येईपर्यंत मी पेपर तोंडासमोर धरला होता. हे प्रकरण याआधीही लिहायला घेतलं होतं आणि दर वेळी वाशीच्या घराचं वर्णन झालं की हात थांबायचा. घराबद्दल लिहिणं सोपं असतं. आजही तिथूनच सुरुवात करतो.

लालबागच्या चाळीतली दीड खोली सोडून आम्ही वाशीला, नवं शहर वसवणाऱ्या महामंडळाच्या वसाहतीत राहायला आलो. पहिला मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि घरातच संडास. सुरुवातीचे काही दिवस आई त्या संडासाचं दार उघडून नुसतीच बघत उभी राहायची. आजूबाजूच्या इमारतींमध्ये माणसं अजून यायची होती. कुकरची शिट्टी झाली की ती समोरच्या रिकाम्या इमारतीवर आपटून परत यायची, आणि आईला वाटायचं, तिकडेही कुणाचातरी वरणभात झाला. संध्याकाळी खाडीच्या बाजूने कोल्हे ओरडत. ओहोटीच्या वेळी वारा सुटला की चिखलाचा वास घरभर होई. आई खिडक्या लावायला धावायची आणि नाना म्हणायचे, राहू दे गं उघडी. नाना, म्हणजे माझे वडील, फोर्टातल्या एका विमा कचेरीत हेडक्लार्क होते. मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. पण ते आम्हाला ऐकून माहीत. मी पाहिलेले नाना कचेरीतून आले की पेपर वाचायचे, मग जेवायचे, मग उरलेला पेपर वाचायचे. दहावीला मी शाळेत पहिला आलो तेव्हा ते "बरं झालं" म्हणाले होते, आणि तेवढ्यावर मी वर्षभर राहिलो होतो.

त्या सुमाराला खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं निघायला लागली होती. आमचं कॉलेज वाशी आणि कोपरखैरण्याच्या मधल्या सपाटीवर होतं. पत्र्याच्या शेडा, एक दगडी ऑफिस, आणि पुढे एवढं मोठं गेट की पाहुण्याला वाटावं, आत काहीतरी असेल. तिथे वर्कशॉपमध्ये माझ्या शेजारच्या, लोखंड धरून ठेवणाऱ्या वाइसवर हिराजी उभा असायचा. तो बोनकोड्याचा, आगरी. घरची भातशेती नव्या शहरासाठी गेलेली. अंगाने सडसडीत, केस कपाळावर, आणि बोलायला लागला की शिकवणारे सरसुद्धा कानस खाली ठेवून ऐकत. माझा ड्रॉइंग बोर्ड मागायला तो पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा हातात ॲल्युमिनियमचा डबा होता. आईने झाकण उघडलं आणि किंचाळून बाजूला झाली. आतून दोन निवट्या उडी मारून ओट्यावर पडल्या. चिखलात राहणारे, डोळे वर आलेले ते मासे मी आधी कधी पाहिले नव्हते. नाना बनियनवरच आतून आले, उकिडवे बसले, आणि सटकून मोरीकडे निघालेली एक निवटी त्यांनी अशी सहज मुठीत धरली, की मला वाटलं, हे दुसरेच कुणीतरी आहेत.

त्या संध्याकाळी नाना आणि हिराजी चहा गार होईपर्यंत बोलत होते. बिळात हात कुठून घालायचा, निवटी बिळाच्या दुसऱ्या तोंडाने पळते ती कशी अडवायची, उधाणाच्या दिवसांत चिखल कसा मऊ होतो. नाना सांगत होते की लहानपणी ते एकदा भरतीच्या तोंडावर गेले आणि कमरेपर्यंत रुतले. हिराजी म्हणाला, "काका, भरतीचा कोन जातं? मार खाल्ला असंल घरी." आणि नाना हसले. पोट हलेपर्यंत हसले. मी माझ्याच घरात भिंतीला टेकून ते हसणं बघत होतो. रात्री आईने कैरी घालून निवट्यांचं कालवण केलं. नाना बोटं चाटत जेवले. मला तो चिखलाचा वास सोसेना, म्हणून आईने माझ्यासाठी अंडं तळलं. घरच्या पानावर मी पाहुण्यासारखा अंडं खात होतो, आणि हिराजी पाटावर मांडी ठोकून काट्यांची रास रचत होता.

मग ते नेहमीचंच झालं. आई त्याच्यासाठी भाकरी बाजूला काढून ठेवू लागली. मी घरी आलो की पाण्याच्या आधी प्रश्न यायचा, हिराजी नाही आला? तो तिला काकी म्हणायचा, तिचा रॉकेलचा डबा रेशनच्या दुकानातून खांद्यावर आणायचा, आणि येताना खालच्या बिऱ्हाडांच्या चौकशा करत यायचा. त्याच्यात वाईट काही असतं तर मला किती बरं वाटलं असतं. मी शोधत होतो. मित्र म्हणून त्याच्या गळ्यात हात टाकून फिरत होतो आणि आतून शोधत होतो.

एकदा मी त्याच्या गावी गेलो होतो. ओटीवर बसून आम्ही सुका जवळा आणि तांदळाची भाकरी खात होतो. मी विचारलं, जमीन गेली, मोबदला बहिणीच्या लग्नात गेला, मग तुझं कॉलेज कसं चालतं? त्याने भाकरी खाली ठेवली. मग त्याने सांगितलं की कॉलेज उभं आहे ती गावाची गुरचरण होती. संस्थेचे अध्यक्ष गावात आले होते, गावदेवीसमोर बैठक झाली, नारळ फुटला आणि शब्द झाला, की या जागेच्या बदल्यात गावच्या पोरांना फीशिवाय शिकवायचं. कागद कुठे आहे, मी विचारलं. त्याला प्रश्नच कळला नाही. "देवीसमोर झालाय ना शब्द," तो म्हणाला. "कागद कशाला पायजे?" आणि मग आवाज खाली करून, "कॉलेजात कोनाला बोलू नको, अवी. पोरं बोलतील, यो फुकटा हाय." मी त्याच्या हातावर हात ठेवून कबूल केलं. परतीच्या वाटेवर मला फार हलकं वाटत होतं. इतके दिवस जे शोधत होतो ते सापडलं होतं.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला फीवाढीची नोटीस लागली. नव्या मुलांनाच नव्हे, आम्हालाही. आकडा आता लिहीत नाही. नातवाची आजची फी ऐकली की तो हास्यास्पद वाटतो, पण नानांना तो हास्यास्पद वाटला नव्हता. त्यांनी पेपर खाली ठेवला, हात धुऊन आले, आणि म्हणाले की एवढं आपल्याच्याने होणार नाही. आमच्या कचेरीत ज्युनिअर क्लार्कची जागा निघतेय, साहेबांशी बोलतो. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, सवयीचा हिशेब होता. आई भांडी जोरजोरात घासत राहिली. मला त्या रात्री माझं पुढचं सगळं आयुष्य दिसलं. फोर्टातली कचेरी, नानांच्या टेबलासमोरचं टेबल, आणि दोघांच्या मधे पेपर.

मुलांनी वर्गावर बहिष्कार टाकला. कृती समिती झाली आणि अक्षर चांगलं म्हणून मला चिटणीस केलं. पत्रकं मीच लिहायची, घोषणाही मीच करायच्या. मी रात्र जागून घोषणा तयार केल्या. यमक, मात्रा, सगळं जुळवून. 'शुल्कवाढीचा निषेध असो, ज्ञानाचा बाजार बंद होवो' असलं काहीतरी. पुठ्ठ्यांवर निळ्या शाईने सुबक रंगवल्या. गेटवर पहिल्या दिवशी मुलांनी त्या जोरात म्हटल्या, दुसऱ्या दिवशी कशाबशा म्हटल्या, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी उन्हात मुलं पुठ्ठे डोक्यावर धरून बसली. सावलीला बरे होते ते.

तेव्हा हिराजी उठला. इथे थोडं सांगायला हवं. त्याची आई गावची धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत धवलारीण धवलं गाते. देवांना, वाडवडिलांना, सोयऱ्यांना नाव घेऊन मांडवात बोलावते, आणि तिने गायल्याशिवाय पुढचा विधी होत नाही. बाकीच्या बायका तिची ओळ उचलतात. हे बायकांचं गाणं. पण हिराजी पाळण्यात होता तेव्हापासून तिच्याबरोबर मांडवोमांडवी हिंडलेला. त्याने गेटकडे तोंड केलं आणि धवल्याच्या चालीवर सुरू केलं. अध्यक्ष म्हणजे नवरीचा बाप, आणि फीबाय ही त्यांची लाडाची लेक.

फीबाय वाढली गो, मांडवाला टेकली गो
बापानं तिच्या मांडवाची मेढ वर केली गो

आधी मुलं हसली, मग टाळ्या आल्या, मग ओळ उचलली गेली. चाल अशी संथ आणि चिवट की एकदा तोंडात आली की जात नाही. मग तो एकेकाला मांडवात बोलवायला लागला. कळंबोलीचा बलबीर, त्याच्या बापाचा ट्रक गो. तुर्भ्याचा रमेश, त्याची सायकल मोडकी गो. ज्याचं नाव येई तो उभा राहून कंबर हलवून दाखवी. जो अजून काठावर उभा होता, घरी जावं की बसावं असा, त्याचं नाव घेतलं की तो आत येऊन बसे. माझंही नाव आलं. "वाशीचा अवी गो, कागद लिवी गो." सगळे हसले. हिराजीने माझ्याकडे बघून डोळा मारला. त्यात खोडी होती, दंश नव्हता. पण माझ्या हातात तो रंगवलेला पुठ्ठा होता, आणि तो कुठे ठेवावा हे मला कळेना.

त्यानंतर संप हिराजीचा झाला. सकाळी मुलं विचारत, हिराजी आला का. चहावाला पहिला ग्लास त्याला देई. मासळीच्या पाट्या घेऊन जाणाऱ्या बायका थांबून एक ओळ गाऊन जात. मी पत्रकं लिहीत होतो आणि लोक त्यात भजी बांधून घेत होते. हे सगळं मी सोसलं असतं असं मला अजूनही वाटतं. पण एका दुपारी मान वर केली तर गेटसमोरच्या दगडावर नाना बसलेले. पांढरा शर्ट, मांडीवर कचेरीची पिशवी. माझ्या शाळेच्या बक्षीस समारंभाला ज्या माणसाला रजा मिळाली नव्हती, तो अर्धी रजा टाकून आला होता. हिराजी गात होता आणि नाना टाळ्या वाजवत होते. ठेका चुकत होता त्यांचा. चेहऱ्यावर तेच हसू होतं, निवट्यांच्या दिवसाचं. मी त्यांच्यापासून चार हातांवर उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

रात्री जेवताना नाना एकदम म्हणाले, "असा एक मुलगा असला की घराला दुसरं काही लागत नाही."

आईचा वाढता हात थांबला. ती म्हणाली, आपला अवीपण करतोच की सगळं, तोच लिहितो.

"हो," नाना म्हणाले. "अक्षर चांगलं आहे त्याचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातून निरोप आला की संस्था निम्मी वाढ मागे घ्यायला तयार आहे, मुलांनी दुपारपर्यंत कळवावं. सगळे गेटसमोर जमले. हिराजी म्हणाला, निम्मी कशाला, ते वाकलेत म्हंजे अजून वाकतील, सगळी घेऊनच उठायचं. मुलांनी आरोळी दिली. त्याचं बरोबरच होतं, आणि सगळी वाढ गेली असती तर त्यात सगळ्यात जास्त सुटका माझीच होती. मी उठलो. आवाज फार न चढवता, चिटणिसाने विचारावा तसा प्रश्न विचारला.

"हिराजी, एक सांग. तू स्वतः किती फी भरतोस?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता तो म्हणेल की तुला माहीत आहे की रे, तुला सांगितलं होतं. त्यावरचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. पण तो तसं म्हणाला नाही. तो मुलांकडे वळला.

"मी भरत नाय," तो म्हणाला. "गावानं जागा दिलेय. आमच्या पोरांना माफ हाय."

त्याने बैठकीचं, नारळाचं, शब्दाचं सांगायला सुरुवात केली, पण कुणी ऐकत नव्हतं. बलबीर म्हणाला, "तो फिर तेरेको क्या टेन्शन है, भाई? तू साल भर गाता रह." सगळे हसले. कालपर्यंतचंच हसणं, फक्त तोंड वळलेलं. मागून कुणीतरी "फुकट्या" म्हणालं. मग वर्ष आमचं जाणार, याचं काय जातंय, असं सुरू झालं. फी न भरणारा मुलगा आमच्यासाठी सगळ्यात पुढे बसला होता, अध्यक्षांनी मनात आणलं तर त्याच्या गावाला दिलेला शब्दच पहिला मोडला असता, हे तिथे म्हणू शकणारा मी एकटा होतो. मी पुठ्ठे गोळा करत होतो. दुपारी समितीने निम्मी वाढ मान्य केली. पत्र माझ्या अक्षरात गेलं.

पुढच्याच आठवड्यात दुसरी नोटीस लागली. फीच्या बाबतीत भेदभाव होत असल्याची हरकत खुद्द विद्यार्थ्यांनीच घेतल्यामुळे यापुढे सर्वांना समान फी राहील. गावचे चार जाणते अध्यक्षांना भेटायला गेले. त्यांना सांगण्यात आलं की आम्ही शब्दाला तयार होतो, तुमच्या पोरांच्या मित्रांनाच चाललं नाही. हिराजी गेला. त्याच्या मागून आलेली गावची पोरंही गेली. गुरचरण मात्र कॉलेजकडेच राहिली. आज तिथे काचेची इमारत आहे आणि माझी बस रोज तिच्यावरून जाते.

नानांना सगळं कळलं. कुणाकडून ते मला ठाऊक नाही. त्यांनी विचारलं, "त्याची फी माफ होती, हे तुला आधी माहीत होतं?" मी नाही म्हणालो. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि पेपर उचलला. एका रविवारी ते एकटेच बोनकोड्याला जाऊन आले. तिथे काय झालं ते त्यांनी आईलाही सांगितलं नाही. हिराजीने त्यांना खरं सांगितलं असेल असं मला वाटत नाही. तो सांगणाराच नव्हता. निम्म्या वाढीची फी नानांनी शेवटच्या वर्षापर्यंत भरली. मी फर्स्ट क्लासमध्ये पास झालो तेव्हा त्यांनी पेढे आणले, स्वतःच्या हाताने शेजारी वाटले, पण "बरं झालं" हे शब्द मला ऐकू आले नाहीत. आई बरेच दिवस विचारत राहिली, हिराजी का येत नाही. कामात असतो, असं मी सांगत राहिलो.

कित्येक वर्षं मी स्वतःला समजावलं की मी एक प्रश्न विचारला होता आणि तो खरा होता. मुलांना ते कळायचा हक्क होता. हा युक्तिवाद मी कुठल्याही सभेत आजही जिंकेन. शिवाय हिराजीचं काही वाईट झालं नाही, हेही मी स्वतःला ऐकवलं. न्हावा शेवाला बंदर झालं तसा तो ट्रेलरवर लागला, मग स्वतःचे ट्रेलर घेतले, गावठाणात चार मजली घर बांधलं, भाडेकरू ठेवले. माझ्यापेक्षा त्याच्याकडे जास्त होतं. तेही मला आवडायचं नाही, हे इथे लिहून ठेवतो. ज्याचं मी कॉलेज तोडलं त्याच्या घराच्या टाइल्स बघूनही मी जळायचो.

त्याच्या धाकट्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आलं तेव्हा नाना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी एकटाच गेलो. हिराजी फेटा बांधून दारात उभा होता. पोट सुटलेलं, आवाज तोच. त्याने मला मिठी मारली, जावयापुढे नेलं, म्हणाला, माझा कॉलेजचा दोस्त, मोठा इंजिनिअर आहे. मग माझा दंड धरून मांडवामागे घेऊन गेला. जनरेटरजवळ दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. तिथे विडी ओढत बसलेल्या पोरांना त्याने हाताने उठवलं आणि आम्ही बसलो.

"नाना गेले ते मना उशिरा कललं," तो म्हणाला. "यायाला पायजे होतं. माझं चुकलं."

मी म्हणालो, असू दे रे. जनरेटर धडधडत होता. मग त्याने माझ्याकडे वळून, अगदी सहज, आईची चौकशी करावी तसं विचारलं, "अवी, तुला काय बोलायचाय काय?"

मी घड्याळ पाहिलं. म्हणालो, गाडी मागे अडकेल, निघायला हवं. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि उठला. जेवल्याबिगर जायाचं नाय, एवढं म्हणाला. मी पंगतीत बसून जेवलो, आहेराचं पाकीट कुणाच्यातरी हातात दिलं आणि घरी आलो. पुढच्या वर्षी हिराजी झोपेत गेला. मला कळलं तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं.

त्या खुर्चीवर बसून जे म्हणायचं होतं ते काही फार लांबलचक नव्हतं. वाशीहून निघाल्यापासून मी ते मनात घोळवत होतो. हिराजी, मला माहीत होतं. तुझ्याकडे बघून माझा बाप टाळ्या वाजवत होता ते मला बघवलं नाही, म्हणून मी विचारलं. गावातल्या पोरांचं जे गेलं ते माझ्यामुळे गेलं. मला माफ कर.